जमिनीचा पट्टा संपत आलाय, फ्लॅट विकायचा कसा?

प्रश्न : पुण्यात एरंडवण्यात आमची सोळा फ्लॅटची सोसायटी आहे. जमीन एका खासगी कुटुंबाची, १ एप्रिल १९३२ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. त्यावरच्या बंगलेवाल्याकडून बिल्डरने पट्ट्याचे हक्क घेतले, बंगला पाडला आणि इमारत बांधली. १९८६ मध्ये वडिलांनी घेतलेला फ्लॅट आता माझ्या नावावर आहे. तो विकायला काढला, तर मुदत थोडीच उरली म्हणून गिऱ्हाइकाला बँकेने कर्ज नाकारलं. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडचे हक्क सोसायटीला लिहून देणारं हस्तांतर, झालेलं नाही. मूळ मालकाचे सात वारस आहेत. लंडनला माझ्या दिरांनी नोटीस देऊन स्वतःच्या फ्लॅटची लीज वाढवून घेतली. मला तसं करता येईल का? आमचे सेक्रेटरी म्हणतात, "इतकी वर्षं ताबा आपला आहे, कोण काढतंय?"

उत्तर : तुमच्या दिरांचं उदाहरण इथे लागू होत नाही. इंग्लंडमध्ये फ्लॅटचीच लीज असते आणि १९९३ च्या तिथल्या कायद्याने फ्लॅटधारकाला ठरलेला मोबदला देऊन ती ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क दिलाय. मालकाला सहसा नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. शिवाय पट्टा तुमच्या फ्लॅटचा नाही, खालच्या जमिनीचा आहे. तुम्ही एकट्याने काहीच वाढवून घेऊ शकत नाही. सोसायटीलाच उठावं लागेल.

आता पट्ट्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सचं शेवटचं वाक्य असं आहे : "पट्टेदाराने मुदत संपण्यापूर्वी सहा महिने अगोदर लेखी कळविल्यास आणखी ९९ वर्षांचा पट्टा करून देण्यात येईल, मात्र". पुढचं पान गायब! सगळं प्रकरण त्या पानावर आहे. पुढे "याच शर्तींवर" असेल, किंवा भाडं लवादाने ठरवावं असं असेल, तर तुमच्या हातात भक्कम हक्क आहे आणि तो कोर्टातून बजावून घेता येतो. "उभयपक्षी ठरेल त्या भाड्याने व शर्तींवर" असं असेल, तर ते पुढे ठरवू म्हणण्याइतकंच झालं. करार कायद्याच्या कलम २९ पुढे ते टिकणं कठीण. आणि तिथेच "मुदतीअखेर इमारत विनामोबदला मालकाची" अशीही ओळ असू शकते. एरवी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे पट्टेदाराला आपलं बांधकाम काढून नेता येतं. चार मजली इमारत कोण काढून नेणार, हा भाग वेगळा. पण ही तरतूद करारात उलट काही लिहिलं नसेल तरच चालते.

म्हणून दुय्यम निबंधक, हवेली यांच्याकडे १९३२ च्या सूचीतून शोध घेऊन पट्ट्याची पूर्ण प्रमाणित नक्कल काढा. बिल्डरला पट्टा देताना जे हस्तांतर झालं, त्याचीही काढा. त्यावेळी मालकाची लेखी संमती लागत होती का आणि घेतली होती का, हे बघायचंय, कारण वारस पहिला आक्षेप तिथेच घेतील. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकही आणा. त्यावर धारक म्हणून कोण आणि पट्टेदार म्हणून कोण हे दिसेल. बहुधा पट्टेदार म्हणून अजून बिल्डरचं किंवा थेट बंगलेवाल्याचं नाव निघेल.

"आजोबांनी लिहून दिलं, आम्ही नाही" असं वारस म्हणतील. त्याने काही होत नाही. नूतनीकरणाची अट जमिनीबरोबर चालते आणि वारसांना बांधते. धोका दुसरीकडे आहे. नूतनीकरण मागायची तारीख चुकली तर कोर्ट सहसा माफ करत नाही. कॅल्टेक्स विरुद्ध भगवानदेवी मरोडिया या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. तुमची मुदत ३१ मार्च २०३१ ला संपते, म्हणजे नोटीस ३० सप्टेंबर २०३० च्या आत सातही वारसांना पोचायला हवी. एक आत्ताच पाठवा आणि २०३० च्या उन्हाळ्यात पुन्हा एक. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. पट्ट्याचे हक्क अजून बिल्डरकडे असल्यामुळे नोटिशीवर सोसायटीबरोबर त्याचीही सही घ्या. वारसांनी नकार कळवला तर तेव्हापासून तीन वर्षांत करारपूर्तीचा दावा लावावा लागतो.

जमिनीचं वार्षिक भाडं थकलं असेल तर नोटिशीआधी भरा. रक्कम किरकोळ असते म्हणून सोसायट्या विसरतात आणि तेवढ्यावरून "शर्तभंग झाला" म्हणायची सोय होते. वारस घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपून ठेवा.

कन्व्हेयन्सचं काम त्याच्याबरोबरच चालू द्या. बिल्डर करून देत नसेल तर मोफाच्या (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा) कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या कन्व्हेयन्सचा, अर्ज करा. त्यातून जमिनीची मालकी मिळणार नाही. बिल्डरकडे जे आहे तेवढंच, म्हणजे उरलेल्या मुदतीचा पट्टा सोसायटीकडे येईल. पण मग वारसांशी बोलायला सोसायटी स्वतःच्या पायावर उभी असेल.

सेक्रेटरींना सांगा, भाडेकरूचा ताबा कितीही जुना असला तरी त्याने मालकी येत नाही. मुदत संपल्यावर मालकाला ताब्याचा दावा लावायला बारा वर्षं असतात. दरम्यान त्यांनी भाडं घेतलंच, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ खाली ते राहत्या जागेचं महिन्याच्या बोलीचं भाडं ठरतं, नवी ९९ वर्षं नव्हेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यावरही भिस्त ठेवू नका, त्यातली 'जागा' म्हणजे इमारत. मोकळी जमीन नाही.

एक सूचना कमिटीतून हमखास येते : एका वारसाचा हिस्सा विकत घेऊ, म्हणजे आपण मालक. तसं होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११(ड) प्रमाणे सगळी मालकी आणि सगळा पट्टा एकाच हाती आला तरच पट्टा मालकीत विलीन होतो. सातही जण विकायला तयार असतील तर जमीनच घ्या, हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. नाहीतर पुनर्विकासात वारसांना काही बांधीव क्षेत्र देऊन बिल्डर, सोसायटी आणि मालक असा त्रिपक्षीय करार करा. वारसांना वर्षाच्या भाड्यात रस नाही, त्यांचा डोळा एफएसआयवर, म्हणजे जमिनीवर किती बांधता येईल त्यावर, आहे. नूतनीकरणच करायचं ठरलं तर मुद्रांक शुल्काचा हिशेब आधी करा. २९ वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. मसुदा अभिनिर्णयासाठी (शुल्क आधीच ठरवून घेण्यासाठी) मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन आकडा काढा आणि तो फ्लॅटवार कसा वाटायचा याचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्या.

(जमीन सार्वजनिक न्यासाची निघाली तर तीन वर्षांपुढच्या पट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. निगडी-आकुर्डीकडचे प्राधिकरणाचे पट्टे आणि म्हाडाच्या जमिनी यांचे नियम वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.)

राहिली विक्री. एजंट "रोखीतली पार्टी" आणेल आणि पट्ट्याचं बोलू नका म्हणेल. ऐकू नका. हक्कातला असा दोष घेणाऱ्याला सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याचं काम आहे. लपवलात तर व्यवहार तुमच्यावर उलटू शकतो. आज विकायचाच असेल तर पट्ट्याची तारीख, नूतनीकरणाची अट आणि पाठवलेली नोटीस यांचा उल्लेख करारनाम्यात करून, भाव त्या हिशेबाने धरून विका. घाई नसेल तर पट्ट्याची नक्कल हातात येईपर्यंत टोकन घेऊ नका.