सेशेल्सला शिडाच्या बोटीनं, पण कधी?

प्रश्न : आम्हाला सेशेल्सला आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहायचंय. सोबत सासूबाई आहेत, त्यांना बोट लागते. जुलै चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जुलै नकोच. मे ते सप्टेंबर तिथं आग्नेयेचा वारा नेटानं वाहतो. माहे आणि प्रालें या तिथल्या दोन बेटांमधला साधारण ४५ किलोमीटरचा पट्टा तेव्हा चांगलाच उसळतो. एप्रिल गाठा. वारा दिशा बदलत असतो, समुद्र निवांत, पाणी नितळ. शिडं कमी फुगतील, इंजिन जास्त चालेल. आईला नेताना मी हेच पत्करलं आणि पुन्हाही पत्करेन.

बोट जोड सांगाड्याची, कॅटमरानच घ्या, ती फारशी कलत नाही. तांडेल तिथलाच हवा, खडक त्याला पाठ असतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधीच द्या. मळमळलं की माणसं खाली केबिनमध्ये जाऊन आडवी होतात आणि त्रास वाढतो. सासूबाईंना वर मोकळ्या हवेत बसवा, नजर क्षितिजावर.

जुलैच नशिबी असेल तर प्रालेंच्या वायव्येला, आन्स लाझियोच्या खाडीत नांगर टाका, तिथं आडोसा मिळतो. ला दिग बेटाच्या ग्रांद आन्स किनाऱ्यावर मात्र त्या दिवसांत पाण्यात उतरू नका, ओढ जीवघेणी असते. क्युरिएझ बेट चुकवू नका. तिथली अजस्र कासवं मोकळी हिंडतात, सासूबाईंना फार आवडतील.