प्रथिनं जुळली, तरी डुकरं का थांबली? (डीडीजीएस घालणाऱ्यांनी वाचा)

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. मका-सोयापेंड परवडेना म्हणून तुम्ही १०० किलो खाद्यातून १० किलो सोयापेंड आणि १० किलो मका काढला, त्या जागी मक्याचं डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुकवलेला चोथा) २० किलो घातलं. रिपोर्टप्रमाणे प्रथिनं जिथल्या तिथे. तरी तीस-पस्तीस किलोची डुकरं खातात पण अंगी लागत नाही, आणि एका वयाच्या कळपात लहानमोठी दिसायला लागली. जंताचं औषध, पाणी, गर्दी हे तुम्ही पाहिलंच आहे, त्यात शिरत नाही.

माझ्या मते लायसीन कमी पडतंय. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं हे एक, वाढीला लागणारं आणि डुकराला खाद्यातूनच मिळावं लागणारं. कागद-पेन्सिल घ्या. सोयापेंडीच्या १०० ग्रॅम प्रथिनात साधारण ६ ग्रॅम लायसीन असतं, डीडीजीएसच्या १०० ग्रॅम प्रथिनात जेमतेम ३. त्यातही सोयापेंडीचं ८५-९० टक्के पचतं, डीडीजीएसचं ६० च्या आसपास. तुमच्या बदलात १०० किलोमागे पचणारं लायसीन अंदाजे १८० ग्रॅमनी घटलं. २५ ते ५० किलोच्या डुकराला १०० किलो खाद्यात ते ९८० ग्रॅमच्या आसपास लागतं (अमेरिकेच्या एनआरसी, म्हणजे राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २०१२ चा तक्ता). म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गायब, आणि रिपोर्टवर त्याचा मागमूस नाही!

हा झाला चांगल्या मालाचा हिशोब. सुकवताना जास्त तापलेला माल आणखी वाईट, कारण उष्णतेनं लायसीन साखरेला चिकटतं आणि डुकराला मिळत नाही. पिवळट-सोनेरी, गोडसर आंबूस वासाचा माल घ्या. कॉफीसारखा काळपट आणि करपट वासाचा असेल तर स्वस्तात मिळाला तरी वाढीच्या डुकरांना नको. लायसीनचा रिपोर्ट मिळालाच तर लायसीन भागिले प्रथिनं करा. २.८ टक्क्यांच्या खाली आलं तर तो माल परत.

आता माझा अनुभव. लॅबचं नाव घेत नाही. आमची डुकरं अशीच थांबली तेव्हा डीडीजीएसचं सॅम्पल दिलं. बऱ्याच चकरांनंतर कागद हातात पडला: ओलावा, प्रथिनं, तंतू, स्निग्धांश, राख, आणि खाली ‘पशुखाद्यास योग्य’ असा शिक्का. प्रथिनं तर अपेक्षेपेक्षा जास्तच होती. मग डुकरं का वाढत नाहीत, असं खिडकीवर विचारलं, तर ‘जनावराचं डॉक्टरांना विचारा, आम्ही फक्त माल तपासतो.’ डॉक्टरांनी तोच कागद बघून खाद्य ठीक असल्याचं सांगितलं. कळप तेच खात राहिला.

भानगड युरियाची होती. लॅब मालातला नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणून प्रथिनं लिहिते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे त्या गणितानं २८७ टक्के ‘प्रथिनं’! मालात एक टक्का युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ तीन टक्के वाढतात. गाईम्हशींच्या पोटातले जंतू त्याचा थोडाफार उपयोग करतात, डुकराला तो काहीच कामाचा नाही. आणि खरा संताप पुढे आहे. युरियाची तपासणी त्याच लॅबमध्ये होत होती. फॉर्मवर वेगळं लिहून मागावी लागते, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा तुम्ही सॅम्पल देताना ‘युरिया आणि खरी प्रथिनं वेगळी काढा’ असं लेखी द्या आणि पोच घ्या.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर न भाजलेलं सोयाबीन दळा. दोन बाटल्यांत डीडीजीएस आणि कोमट पाणी घाला, एकीतच चमचाभर सोयाबीनचं पीठ टाका. माल आंबट असतो, म्हणून दोन्हींत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. झाकण लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) युरिया फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. पिठाच्या बाटलीतून नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला आणि दुसरीतून नाही, तर संशय पक्का समजा. व्यापाऱ्याशी भांडायला मात्र लॅबचाच कागद लागतो.

माल शुद्ध निघाला तर उपाय सोपा आहे. बाजारातल्या एल-लायसीन एचसीएल या लायसीनच्या पावडरीत सुमारे ७८ टक्के लायसीन असतं, म्हणजे तुमच्या खाद्यात टनाला सव्वादोन-अडीच किलोनं खड्डा भरतो. नुसतं लायसीन वाढवत गेलात तर पुढे ट्रिप्टोफॅन आणि थ्रिओनीन ही दुसरी अमिनो आम्लं कमी पडून वाढ अडवतात. मक्याच्या मालात ट्रिप्टोफॅन कमीच असतं. मी पशुपोषणतज्ज्ञ नाही, तेव्हा अंतिम मिश्रण जाणकाराकडून तपासून घ्या, पण त्याच्याशी बोलताना ‘पचणारं लायसीन किती?’ हाच प्रश्न धरून ठेवा. उत्तरात पुन्हा एकूण प्रथिनंच सांगणारा सल्लागार बदला, हे माझं स्पष्ट मत.

जाता जाता दोन गोष्टी. डीडीजीएस बनताना स्टार्च निघून जातो, त्यामुळे मक्यातलं बुरशीचं विष साधारण तिपटीनं घट्ट होतं. डुकरं तोंडच लावत नसतील तर आधी तो संशय घ्या. आणि त्यातल्या तेलानं चरबी मऊ पडते, खाटीक तक्रार करतो. विक्रीआधीचे शेवटचे तीन-चार आठवडे ते बंद ठेवलं तर बराच फरक पडतो.