पहिल्या दौऱ्याचा जमाखर्च : 'द पोलीस', १९७८

आपला प्रश्न असा आहे की, ज्या रॉक बँडचे नावही कोणी ऐकलेले नाही त्याला गावोगावचे दौरे परवडतात कसे, आणि समोर जेमतेम दहा-वीस माणसे असताना वाजवून त्याच्या पदरात नेमके काय पडते. मी व्यवसायाने हिशेबतपासनीस आहे आणि रॉक संगीत आवडीने ऐकतो, त्यामुळे या प्रश्नाकडे मी आधी जमाखर्चाच्या बाजूने पाहतो. त्या बाजूने पाहिले तर 'द पोलीस' या लंडनच्या बँडच्या १९७८ सालच्या पहिल्या अमेरिकी दौऱ्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही, म्हणून उत्तर त्याच्याच आधारे देतो.

त्या काळची रूढ पद्धत अशी होती की, रेकॉर्ड कंपनी नव्या बँडला एखाद्या बड्या बँडच्या आधी अर्धा-पाऊण तास वाजवण्याची संधी मिळवून देई. तिकिटे बड्यांच्या नावावर खपत, नव्यांना मानधन नाममात्र मिळे, आणि प्रवास, हॉटेल, वाद्यांची ने-आण व मदतनीस यांच्या खर्चाची तूट कंपनी भरून काढी. याला 'टूर सपोर्ट' म्हणत. ऐकताना हे औदार्य वाटते, परंतु बहुतेक करारांत ही रक्कम म्हणजे उचल असे, आणि ती पुढे बँडच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या वाट्यातून, वळती करून घेतली जाई. पहिली तबकडी बरी खपूनही वादकांच्या हाती काही न येण्याचे हे एक मोठे कारण होते. शिवाय बड्या बँडसाठी जमलेला श्रोता नव्यांचे गाणे चालू असताना बहुधा बाहेर पेय घेत उभा असतो.

'द पोलीस'ची स्थापना १९७७ च्या आरंभी झाली. स्टुअर्ट कोपलँड हा अमेरिकी ड्रमवादक, न्यूकॅसलकडे शाळेत शिकवणारा आणि जॅझ वाजवणारा गायक-बासवादक स्टिंग, आणि कॉर्सिकाचा गिटारवादक हेन्री पादोव्हानी असे ते तिघे होते. सुरुवातीच्या दौऱ्यात त्यांनी चेरी व्हॅनिला या अमेरिकी गायिकेच्या आधी आपला कार्यक्रम करायचा आणि नंतर स्टिंग व स्टुअर्ट यांनी तिच्यासाठीही वाजवायचे, असा सौदा झाला होता; या दुहेरी कामाची नाइट होती पंधरा पौंड. त्याच वर्षी पादोव्हानीच्या जागी अँडी समर्स आला. (आपण ज्याला 'तरुण बँड' म्हणतो त्यातला हा गृहस्थ अमेरिकेला गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि एरिक बर्डनच्या 'अ‍ॅनिमल्स'सह नामवंत मंडळींबरोबर वाजवून झालेला होता. बँड तरुण असणे आणि वादक तरुण असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.)

स्टुअर्टचा थोरला भाऊ माइल्स कोपलँड बँडचा व्यवस्थापक झाला. 'रॉक्झॅन' हे गाणे ऐकल्यावर तो ते घेऊन ए अँड एम या कंपनीकडे गेला, परंतु आगाऊ रक्कम त्याने मागितली नाही. त्याऐवजी रॉयल्टीचा दर वाढवून घेतला. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ याच निर्णयात आहे. एप्रिल १९७८ मध्ये निघालेले ते गाणे इंग्लंडमध्ये त्या वेळी चालले नाही, बीबीसीनेही त्याला फारसा थारा दिला नाही. पण बँडच्या डोक्यावर कंपनीचे कर्ज नसल्यामुळे 'आता थांबा' असे सांगण्याचा अधिकारही कंपनीकडे नव्हता.

ऑक्टोबर १९७८ मध्ये हे तिघे न्यूयॉर्कला निघाले तेव्हा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत प्रसिद्धच झालेला नव्हता. विकायला माल नसताना दुकान मांडण्यासारखे हे धाडस होते आणि त्यासाठी कंपनीने पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी लेकर एअरवेजची 'स्कायट्रेन' ही विमानसेवा निवडली, जी आदल्याच वर्षी ५९ पौंडांच्या एकेरी भाड्यावर लंडन–न्यूयॉर्क मार्गावर सुरू झाली होती. न्यूयॉर्कमध्ये उतरल्यावर त्याच रात्री, २० ऑक्टोबरला, त्यांनी बावरी भागातल्या सीबीजीबी या क्लबात वाजवले. पुढचा प्रवास एका व्हॅनमधून झाला. तिघे वादक आणि किम टर्नर हा एकच सोबती, जो दौऱ्याची व्यवस्था आणि ध्वनिव्यवस्था दोन्ही पाहत असे, एवढाच तो काफिला होता. कार्यक्रम ठरवण्याचे काम दुसरा भाऊ इयन कोपलँड याने केले. तो अमेरिकेतच जॉर्जिया राज्यातल्या मेकन येथे एका एजन्सीत नोकरीला होता. त्याने मोठ्या सभागृहांचा नाद सोडून लहान क्लब निवडले, जिथे मानधन थोडे असले तरी ते संपूर्ण आपले असते. जिथे माणसे चारच आहेत तिथे खर्चही चार माणसांचाच होतो, आणि तो त्या थोड्या मानधनात बसवता येतो. दौरा कर्ज न करता पार पडला, तो या साध्या गणितामुळे.

या लहान क्लबांचा एक परिणाम हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तो संगीतात दिसतो. बड्या बँडच्या आधी वाजवणाऱ्याला अर्ध्या तासाची बेगमी पुरते. क्लबात मात्र अनेकदा एका रात्री दोन वेळा मंचावर यावे लागे आणि यांच्याकडे तेवढी गाणी नव्हती. तेव्हा आहे तीच गाणी ताणण्यावाचून गत्यंतर नव्हते. मधल्या भागात बास आणि ड्रम्स रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यात मोकळे सोडायचे, समर्सने प्रतिध्वनीच्या यंत्रातून गिटारचे सूर पसरवत राहायचे, आणि पुन्हा जोरकस धृपदावर यायचे, ही त्यांची ओळखीची शैली अशा रात्रींमध्ये पक्की होत गेली. तीन वाद्यांमध्ये मोकळी जागा ठेवण्याची जी सवय त्यांच्या पुढच्या तबकड्यांत ऐकू येते, तिचा उगम काही अंशी या गरजेत आहे असे मला वाटते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी या गावी 'द लास्ट चान्स' नावाच्या ठिकाणी त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नेमका आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. स्टिंगने त्यांना पुढे बोलावले, नावे विचारून एकमेकांशी ओळख करून दिली आणि बँडने पूर्ण कार्यक्रम जीव ओतून केला. स्टिंगच्या सांगण्यानुसार त्या मूठभर लोकांत रेडिओवर गाणी लावणारेही होते आणि त्यांनी नंतर 'रॉक्झॅन' वाजवायला सुरुवात केली. ही गोष्ट थोडी रंगवलेली असू शकेल, परंतु तिच्यामागची व्यवस्था खरी आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका राष्ट्रीय केंद्राने दार लावले की गाण्याला फारशी वाट उरत नसे. अमेरिकेत प्रत्येक शहराची स्वतःची केंद्रे होती आणि त्या काळी काही एफएम केंद्रांवर गाणे निवडण्याचे स्वातंत्र्य निवेदकाला होते. बॉस्टनला 'द रॅट' या क्लबात वाजवलेल्या बँडचे गाणे तिथल्या डब्ल्यूबीसीएन केंद्रावर लागले, ते असेच. म्हणून रिकामा क्लब निरुपयोगी ठरतोच असे नाही. तिथे कोण आले आहे, आणि त्या माणसाच्या हातात उद्या काय आहे, हे पाहावे लागते. १९७९ मध्ये हेच गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३२ व्या आणि ब्रिटनच्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

नाव झाल्यावरही माइल्सने ही खोड सोडली नाही. १९८० च्या जागतिक दौऱ्यात त्याने बँडला बँकॉक, मुंबई, कैरो अशा शहरांत नेले, जिथे पाश्चात्त्य रॉक बँड सहसा येत नसत. मुंबईचा २६ मार्च १९८० चा कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने धर्मादाय कामासाठी भरवला होता.

या उदाहरणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एक भाऊ व्यवस्थापक आणि दुसरा एजंट असणे हे कोणाच्याही नशिबी सहज येत नाही, आणि तिघांचा बँड व्हॅनमध्ये मावतो तसा सहा जणांचा मावत नाही. आपण स्वतः बँड चालवत असाल आणि पुण्याहून बंगळुरू किंवा गुवाहाटीची सुपारी आली, तर मानधनाचा आकडा ऐकण्याआधी ड्रम्सचा संच आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या ठिकाणी आहेत का, ते विचारून घ्यावे. असतील तर गिटारी, पेडल आणि झांजा घेऊन रेल्वेने जाता येते. नसतील तर वाहनाचे भाडेच मानधनाच्या पुढे जाते, आणि अशा वेळी आयोजकाने प्रवासखर्च वेगळा देण्याचे लेखी मान्य केल्याशिवाय मी होकार देणार नाही.