विठोबा माझ्या हातचं का खात नाही?

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो, मूळचे बार्शीकडचे. सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) माळकरी, घरात रोज संध्याकाळी सातला हरिपाठ होतो. लग्नानंतर मीही रोज बसायचे, एकादशी धरायचे. आता मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिते. हरिपाठ सुरू झाला की एक रडतं, दुसरं टाळ ओढतं आणि मी अर्ध्यातून उठते. अण्णा रागावत नाहीत, पण परवा म्हणाले, "लेकरांना आतापासून वळण लागलं तर बरं." ते मनाला लागलं.

मुलाला नामदेवांची गोष्ट सांगितली होती, विठोबा त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला ती. तर हा पेढ्याची वाटी घेऊन देवघरासमोर बसला, "जेव ना" म्हणत राहिला आणि शेवटी रडायला लागला. सासूबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि हळूच पेढ्याचा तुकडा उचलला. त्याने बोटांच्या फटीतून बघितलं. आता रोज विचारतो, "विठोबा माझ्या हातचं का खात नाही?" काय सांगू?

आणि एक. धाकटीला अंघोळ घालताना ती पाण्यावर थापट्या मारून खिदळते, तेव्हा मला जे वाटतं ते पूर्वी हरिपाठात वाटायचं तसंच असतं. असं वाटणं चूक आहे का? माझी भक्ती सुटत चालली आहे का? यंदा पालखी आली की मुलांना न्यावं का?

– दोन लेकरांची आई

उत्तर :

ताई, आधी मुलाचं बघू, कारण तो रोज वाट बघतोय.

सासूबाईंनी तुकडा उचलला तो नातवाचं रडू बघवलं नाही म्हणून. त्यांना बोल लावू नका. पण हे पुन्हा होऊ देऊ नका. या वयाचं मूल ऐकलेली गोष्ट खरी धरतं आणि करून बघतं. त्यात हट्ट नसतो, विश्वास असतो. अशा वेळी मोठ्यांनी हातचलाखी केली आणि मुलाला ती दिसली, तर त्याचा विठोबावरचा विश्वास उडेल की नाही ते पुढचं पुढे, घरातल्यांच्या शब्दावरचा मात्र आधी उडतो. म्हणून सरळ सांगून टाका, "परवा पेढा आजीने उचलला होता. तू रडत होतास ना, तिला वाईट वाटलं." आजी शेजारी असेल आणि तिनेच सांगितलं तर फारच छान.

मग उत्तर. लहान वाक्यांत सांगा : "विठोबाला आपण ताट दाखवतो. तो घास उचलून खाताना मी कधी बघितला नाही. दाखवून झालं की आपण सगळ्यांना वाटतो. वाटलं की त्याला पोचलं, असं आपण मानतो." यावर तो "मग नामदेवांच्या हातचं कसं खाल्लं?" असं विचारणारच. तेव्हा सांगा, "ती फार जुनी गोष्ट आहे, सातशे वर्षं लोक सांगत आलेत. नामदेवांची विठोबावर किती माया होती ते त्यातून कळतं. तुला काय वाटतं, कसं खाल्लं असेल?" आणि गप्प बसून ऐका. त्याचं उत्तर काहीही असो, दुरुस्त करू नका.

दोन गोष्टी मात्र चुकूनही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. एक, "तू मस्ती करतोस म्हणून खात नाही." दुसरी, "विठोबा बघतोय हं, शिक्षा करेल." घरातल्या पाहुण्यांनाही हे वाक्य फार सहज येतं. देवाची धास्ती घेतलेलं मूल देवघराशी शांत बसतं, त्यामुळे वळण लागलं असं वाटतं. ते वळण नसतं.

त्यापेक्षा नैवेद्य दाखवायचं काम त्यालाच देऊन टाका, रोज, दोन मिनिटांचं. छोटी स्टीलची वाटी, तिच्यात दोन चमचे दूधसाखर किंवा केळ्याचे चार तुकडे. देवापुढे फरशीवर त्याने ओल्या बोटाने पाण्याचा चौकोन काढायचा. वाकडा येईल, तीन कोपरेच येतील, येऊ द्या. त्यावर वाटी, वाटीत तुळशीचं एक पान, वाटीभोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं. मग उठून वाटायचं : पहिला घास बहिणीला, मग आजी-आजोबांना, शेवटी स्वतःला. आठवडाभरात बघा, त्याचं लक्ष "देवाने खाल्लं का" यावरून "आज कुणाला द्यायचं राहिलं" यावर येईल. पहिला घास बहिणीला देताना तो आधी तिचा हात उघडून बघेल, मग घास ठेवेल. ते जरूर बघा.

गोष्टींची निवडही जरा जपून करा. या वयाला कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले ती गोष्ट, एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं ती, जनाबाईला दळू लागायला विठोबा आला ती, अशा चालतात. त्यांत प्राणी आहेत, धावपळ आहे, काम आहे. गोरोबाकाकांची चिखल तुडवण्याची गोष्ट मात्र आठ-नऊ वर्षांपर्यंत नको. मोठ्यांना त्यातली तल्लीनता दिसते. चार वर्षांच्या मुलाला फक्त एवढंच कळतं की बाबांचं लक्ष नव्हतं आणि बाळ गेलं.

आता हरिपाठाच्या वेळेचं. संध्याकाळी सात ही लहान मुलांची दिवसातली सर्वांत वाईट वेळ असते. दुपारची झोप उतरलेली, चारचं दूध जिरलेलं, रात्रीचं जेवण आठला. म्हणजे हरिपाठ सुरू होतो तेव्हा दोघंही भुकेली असतात आणि रडणं भुकेचं असतं. साडेसहाला दोघांना अर्धी-अर्धी वाटी मऊ वरणभात आणि तूप भरवा. एवढ्याने निम्मा गोंधळ कमी होतो.

उरलेला निम्मा बसण्याचा. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग म्हणजे सावकाश चालीत अर्धा तास सहज. साडेचार वर्षांचं मूल हाताला काम असेल तर आठ-दहा मिनिटं बसतं, त्यापुढे नाही. हा वयाचा भाग आहे, संस्कारांचा नाही. त्याला त्याच्या हाताचे छोटे टाळ किंवा चिपळ्या द्या आणि काम ठरवून द्या : पहिल्या चार-पाच अभंगांत ध्रुपदाला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, टाळ वाजवायचा, नंतर उठायचं. शेवटच्या अभंगाला परत यायचं आणि सगळ्यांना बुक्का लावायचा. मधे तो खेळू दे. सुरुवात आणि शेवट त्याच्या हातात असला की मधला भाग तो खेळता-खेळता कानाने ऐकतो आणि महिन्या-दोन महिन्यांत चाली गुणगुणायला लागतो. पूर्ण अर्धा तास मांडी घालून बसवलेली मुलं बहुधा टाळच नको म्हणायला लागतात.

अण्णांशी तुम्हीच बोला, पण त्यांना त्यात ओढून घ्या : "अण्णा, पावणेसातला सुरू करू या का? पहिले पाच अभंग तो तुमच्या मांडीजवळ बसेल. टाळ कसा धरायचा ते तुम्हीच दाखवा." त्यांनी वळणाचा विषय काढला तो नातवाच्या ओढीने. टाळ शिकवायचं काम मिळालं की त्यांना हवं ते मिळालं. आणि रविवारी अर्धा तास मुलांच्या बाबांनी मुलं खाली फिरायला न्यायची आणि तुम्ही पूर्ण हरिपाठाला बसायचं, हे आजच ठरवून टाका. मागितल्याशिवाय तो अर्धा तास मिळणार नाही.

अंघोळीच्या वेळी जे वाटतं त्याबद्दल तुम्ही चूक की बरोबर असं विचारलंत. ताई, ज्या घरात ज्ञानोबांना माउली म्हणतात आणि विठोबाला विठाई, त्या घरात हा प्रश्न पडूच नये. घरोघरी लावलेलं ते लेकुरवाळ्या विठोबाचं चित्र आठवा. एरवी कटेवर असलेले हात त्यात मोकळे नाहीत. कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी करंगळी धरून. संतांना आपलं आणि देवाचं नातं सांगायला याहून जवळचं काही सुचलं नाही. तुम्ही रोज संध्याकाळी अगदी त्याच अवस्थेत असता. कोमट पाण्यात बसलेली, डोक्यावरून तांब्या ओतला की श्वास धरून मग खिदळणारी मुलगी बघून तुमचं मन भरून येतं, तर ते भरू द्या. तिथे नाम आलं तर घ्या, नाही आलं तरी चालेल. रात्री दोनला तिला पाजायला घेता, ती पाच-सात मिनिटं मोबाइल न उचलता सावकाश रामकृष्णहरी म्हणायला फार चांगली.

एक वेगळी गोष्ट मात्र तपासून बघा. दोन आठवडे रोज रडू येतंय, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, मुलांच्या हसण्यानेही काही वाटेनासं झालंय, असं असेल तर भक्ती कमी झाली म्हणून स्वतःला कोसत बसू नका. तो आजार असतो आणि बरा होतो. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं.

आता देवघराचं थोडं, कारण चौदा महिन्यांची मुलगी हाताला येईल ते तोंडात घालते. कापराची डबी आजच वरच्या फडताळात जाऊ द्या. कापूर पांढरा, खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेलेली एखाद-दुसरी वडीसुद्धा अर्ध्या तासात लहान मुलाला झटके आणू शकते. गेलाच पोटात, तर उलटी काढायला जाऊ नका, थेट दवाखाना गाठा. सर्दीसाठी बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात, तीही नको. चायनीज बॅटरीच्या पणत्यांत बटणासारखा गोल सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. ज्या पणतीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती घरातच ठेवू नका. बुक्का चिमटीने उडवू नका, बोटाने टेकवा, नाकात जातो.

अण्णा नातीच्या गळ्यात हौसेने तुळशीची माळ घालतील. दर्शनापुरती घाला, झोपवताना काढा. माळ तुटली तर मणी तोंडात जातात आणि अडकली तर गळ्याला आवळते. टाळांची दोरीही वीतभरच ठेवा.

प्रसादात फुटाणे, अख्खे शेंगदाणे, साखरफुटाणे, खोबऱ्याचे तुकडे धाकटीला अजिबात नाहीत, मोठ्यालाही आणखी काही महिने नाहीत. श्वासनलिकेत अडकतात. चुरमुरे दुधात भिजवून द्या. पंढरपूरहून कुणी प्रसाद आणला की घरात जो-तो तिच्या तोंडात एक दाणा घालतो, म्हणून हे सासूबाईंना आधीच समजावून ठेवा.

एकादशीचं थोडक्यात. अंगावर पाजताय तोवर निर्जळी नाही, दिवसभर पाणी, दूध, ताक, फळं, रताळं, राजगिरा चालू ठेवा. भगर घ्याल तर पाकीटबंद, तारीख बघून, आणि दोन-तीनदा धुऊन. उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक सुट्या, जुन्या भगरीच्या किंवा तिच्या पिठाच्या असतात. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. चक्कर आली, दूध कमी वाटलं, तर सरळ जेवा. मुलांना उपवास नाही. मोठ्याने हट्ट धरला तर जेवणाबरोबर उकडलेलं रताळं द्या, त्याची एकादशी झाली.

पालखीला मोठ्याला नक्की न्या. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. मुक्कामाच्या देवळात दर्शनाच्या रांगेत लहान मूल घेऊन उभं राहू नका, तास-तास जातात आणि रेटा भयंकर असतो. त्यापेक्षा पालखी पुण्यातून निघते त्या पहाटे वाटेवर एखादी रुंद जागा गाठून लवकर उभे राहा. टाळकरी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळं तिथून दिसतं. मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी, डोक्यावर टोपी, पिशवीत पाणी आणि रेनकोट. वारकऱ्यांना द्यायला केळी त्याच्या हातात द्या, एकेक करून तोच देईल. धाकटी आजीजवळ घरी राहू दे. आणि रथ आला की गर्दी पुढे सरकते, तेव्हा तो खाली उभा नको, बाबांच्या खांद्यावर हवा.