मुक्तिदिन, स्वातंत्र्यदिन की विजयदिन?

परभणीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाच्या पत्रिकेत वर ‘मराठवाडा स्वातंत्र्यदिन’ छापलंय, खाली ‘मुक्तीसंग्राम दिन’. बरोबर कोणतं? आणि निजामाचं सैन्य शरण आलं, मग ‘विजयदिन’ का नाही?

बाई, ‘स्वातंत्र्यदिन’ तर आधी खोडा. तो शब्द चुकीचा आहे एवढंच नाही, इथे तो उलट्या बाजूचा आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. जून 1947 मध्ये तिथल्या निजामाने फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार. निजामाच्या बाजूच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची आणि रझाकार या त्याच्या सशस्त्र दलाची मागणीही ‘आझाद हैदराबाद’ हीच. म्हणजे ‘स्वतंत्र’ व्हायचं होतं ते निजामाला. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसला हवं होतं भारतात विलीनीकरण. देशाचं स्वातंत्र्य 15 ऑगस्टला आलेलंच होतं, फक्त ते संस्थानाच्या हद्दीबाहेर थांबलं होतं. अडकलेल्याची सुटका होते तिला मराठीत मुक्तीच म्हणतात.

‘विजय’ म्हटलं की गोष्ट पाच दिवसांची होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली, 18 ला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. तो विजय लष्कराचा. पण 1938 चा सत्याग्रह, उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांचं वंदे मातरम्, सरहद्दीवरचे लढ्याचे कॅम्प, जाळलेले करोडगिरी (जकात) नाके, सरकारचा महसूल बुडावा म्हणून तोडलेली शिंदीची झाडं, हे सगळं ‘संग्राम’ या शब्दात बसतं. म्हणून नुसत्या ‘मुक्तिदिना’पेक्षा मला ‘मुक्तिसंग्राम दिन’ जास्त पटतो. सरकारी नावही तेच आहे.

जुनी माणसं मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी ‘रझाकाराचा काळ’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शन’. फौज रणगाडे घेऊन आली आणि नाव पोलिसांचं! हैदराबादने तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. ‘युद्ध’ म्हटलं असतं तर हैदराबाद वेगळा देश ठरला असता. घरातलं भांडण दाखवायचं तर पोलीसच बरे. याच ‘पोलीस अ‍ॅक्शन’नंतर मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. त्याची पाहणी करायला केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलेल्या सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. तेव्हा हा शब्द प्रत्येक गल्लीत एकाच अर्थाने ऐकला जात नाही, हेही वर्गात सांगायला हरकत नाही. आणि ज्याच्यापासून मुक्ती मिळाली तोच निजाम 1950 पासून 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख होता, हे सांगितलं की पोरं हमखास प्रश्न विचारतात. विचारू द्यावेत.

संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले आणि दिवसाची नावंही फुटली. कर्नाटकात ‘विमोचना’ (म्हणजे मुक्तीच) होती, 2019 पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ झाला. तेलंगणात 2022 साली राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकता दिन’ म्हटलं, तर केंद्राने हैदराबादेतच ‘मुक्तिदिन’ साजरा केला. मराठवाड्यात नावावरून एवढी ओढाताण नाही. आपली ओढाताण वेलांटीवरून!

तर वेलांटी. ‘मुक्ती’ एकटी लिहिली की दीर्घ, कारण तत्सम इकारान्त शब्दाचा शेवट मराठीत दीर्घ लिहायचा असतो. समासात ती आधी आली की मूळ ऱ्हस्व परत येतो: मुक्तिसंग्राम, मुक्तिदिन, जसं बुद्धिवैभव. फ्लेक्सवाले ‘मुक्ती संग्राम’ असं तोडून लिहितात तेही नको, शब्द जोडून हवा. ‘दिन’ वेगळा ठेवलात तर चालेल, पण ‘दीन’ होऊ देऊ नका. मागे एका कमानीवर ‘मुक्तीसंग्राम दीन’ वाचलंय, आणि खाली उभे पाहुणे चांगले खात्यापित्या घरचे होते.

पत्रिका पुन्हा छापणार असाल तर एकच ओळ पुरे: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 17 सप्टेंबर.