पंचच खेळायला उतरला तर दाद कुणाकडे मागायची? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या नव्या कायद्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीये आणि ते बरोबरच आहे, ज्याच्या जिवावर घर चालतं त्याच्याबद्दल उघड कोण बोलणार.

प्रश्न : मी हाताने शिवलेल्या पिशव्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विकते. तीन वर्षं छान चाललं होतं. एका सकाळी बघते तर माझा माल पहिल्या पानावरून थेट पाचव्या-सहाव्या पानावर, आणि वर कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडची अगदी तश्शीच पिशवी. हेल्पवर विचारलं तर चॅटबॉट म्हणतो 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे'. आता काय करू?

ताई, तुमचं पत्र सगळ्यात वर ठेवलंय कारण या अख्ख्या विषयाची गोम त्यात आहे. बाजाराचा मालक तो, त्याच बाजारात गाळा टाकून बसलेला दुकानदारही तो, आणि कुणाचा माल दर्शनी ठेवायचा हे ठरवणाराही तोच. म्हणजे पंचच बॅट घेऊन उतरलाय. शिवाय तुमचं सगळं गणित त्याच्या डोळ्यासमोर असतं, किती लोकांनी पिशवी बघितली, कुठल्या भावाला घेतली, किती परत आल्या, हे तुमच्या शेजारच्या विक्रेत्याला कधीच कळत नाही पण मालकाला रोज सकाळी कळतं.

हे काही माझ्या मनचं नाही. ॲमेझॉनवर युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, नेमक्या याच मुद्द्यावर चौकशी लावली होती, शेवटी डिसेंबर २०२२मध्ये कंपनीने लेखी हमी दिली की विक्रेत्यांची आतली माहिती स्वतःच्या दुकानदारीसाठी वापरणार नाही. दंड झाला नाही, पण हमी कायद्याने बांधणारी आहे. त्याआधी २०१७मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोचा दंड झाला होता, का तर सर्चमध्ये स्वतःची शॉपिंग सेवा वर आणि बाकीच्यांच्या किंमत-तुलनेच्या साइट खाली ढकलल्या म्हणून. आता गंमत बघा, चौकशी सुरू झाली २०१०मध्ये आणि वरच्या कोर्टाने दंड कायम केला सप्टेंबर २०२४मध्ये. चौदा वर्षं! तोवर छोट्या धंदेवाल्याने काय खायचं.

म्हणूनच युरोपने आधी गुन्हा होऊ द्या मग बघू हा खाक्या सोडला आणि डिजिटल मार्केट्स ॲक्ट आणला. जो इतका मोठा झालाय की त्याच्या दारातून गेल्याशिवाय गिऱ्हाईकापर्यंत पोचताच येत नाही, त्याला द्वारपाल ठरवायचं आणि काय करायचं नाही ते आधीच सांगून ठेवायचं. साधारण निकष म्हणजे युरोपात महिन्याला साडेचार कोटी वापरणारे, वर्षाला दहा हजारांवर व्यावसायिक, आणि साडेसात अब्ज युरोची उलाढाल किंवा पंचाहत्तर अब्जाचं बाजारमूल्य. सप्टेंबर २०२३मध्ये पहिल्या यादीत सहा जण आले, गूगलवाली अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, टिकटॉकवाली बाइटडान्स, फेसबुकवाली मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. मार्च २०२४पासून त्यांना नियम लागू. स्वतःचा माल मुद्दाम वर लावायचा नाही हा त्यातला एक. मोडला तर जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, परत परत मोडला तर २०.

पण तुम्हाला उद्या सकाळी उपयोगी पडेल असा कायदा वेगळाच आहे, त्याचा कुणी फारसा गाजावाजा केला नाही. युरोपातल्या विक्रेत्यांसाठी जुलै २०२०पासून नियम आहे की क्रमवारी कशावर ठरते ते प्लॅटफॉर्मने अटींमध्ये लिहायचं, खातं थांबवलं तर कारण लेखी द्यायचं, कायमचं बंद करायचं असेल तर तीस दिवस आधी कळवायचं. साधी अपेक्षा आहे हो, कारण सांगा! तुम्ही तिथे नसाल तर हा हक्क आपोआप मिळत नाही, तरी मागण्याची पद्धत तीच ठेवा. रोजच्या क्रमवारीचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, चॅटवर न भांडता मेलवर कारण विचारा, आणि तुमच्यासारखे आणखी आठ-दहा जण गाठा. मक्तेदारीच्या तक्रारी बघणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे एकट्याचा अर्ज म्हणजे गाऱ्हाणं, दहा जणांचा पुराव्यासकट अर्ज म्हणजे केस. आणि हो, गिऱ्हाइकांची स्वतःची यादी बनवायला घ्या, ती तुमच्याकडे नसणं हेच खरं दुखणं आहे.

प्रश्न : सर्च फुकट, मेल फुकट, व्हिडिओ फुकट. फुकट देणाऱ्यावर मक्तेदारीचा आरोप कसा काय?

तुम्हाला फुकट आहे, जाहिरात देणाऱ्याला नाही. तो जे मोजतो ते वस्तूच्या किमतीत घालून तुमच्याकडूनच काढतो, फक्त बिलावर दिसत नाही. आणि खरंच सगळे आवडीने येत असते तर गूगलने २०२१ या एका वर्षात फोन आणि ब्राउझरवर आपलं सर्च आधीपासून लावून ठेवण्यासाठी २६.३ अब्ज डॉलर का वाटले असते? हा आकडा अमेरिकेच्या सरकारने गूगलवर लावलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निकाल दिला. पुढच्या वर्षी उपाय ठरवताना मात्र गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, एकमेव सर्च ठेवण्याचे करार बंद केले आणि काही डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितला. मला स्वतःला हे जरा मऊ वाटलं, पण कोर्टाचीही अडचण असते.

दुसरं म्हणजे सवय. तुम्ही मेसेजच्या ॲपवर का आहात, तर सगळे तिथे आहेत म्हणून, आणि सगळे का आहेत तर तुमच्यासारखे तिथे आहेत म्हणून. फोन कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोनही लागतो, इथे तसं काही नाही. युरोपने व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपसाठी दार उघडायला लावलंय ते यासाठीच.

प्रश्न : सबस्क्रिप्शन घेताना एक टॅप, बंद करताना अर्धा तास. हे मुद्दाम करतात का?

मुद्दाम करतात. मीसुद्धा एका सेवेचं बंद करायला बसलो होतो, 'सुरू ठेवा' हे बटण ठळक आणि रंगीत, 'तरीही रद्द करा' हे पांढऱ्यावर फिक्कट राखाडी, चष्मा काढून स्क्रीन नाकाला लावली तेव्हा दिसलं, आणि दाबल्यावर परत विचारतात, नक्की का? अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक आणि मक्तेदारी यांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३मध्ये ॲमेझॉन प्राइमबद्दल तक्रार केली त्यात लिहिलंय की सभासदत्व रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागायचे, आणि कंपनीत या वाटेला 'इलियड' म्हणायचे. दहा वर्षं चाललेल्या ट्रॉयच्या लढाईवरचं महाकाव्य ते, नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती हे मान्य करायलाच हवं. सप्टेंबर २०२५मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत.

प्रश्न : मी डिलिव्हरी करतो. दोन आठवड्यांपूर्वी आयडी ब्लॉक झाला. ऑफिस नाही, साहेब नाही, ॲपमध्ये नुसतं 'धोरणाचं उल्लंघन'. आम्हाला पार्टनर म्हणतात.

भाऊ, पार्टनरला निदान हिशोबाची वही तरी दाखवतात. इथे ऑर्डर कुणाला, किती पैशाला, कुठल्या रस्त्याने हे सगळं ॲप ठरवणार आणि जबाबदारीची वेळ आली की तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक.

हा मुखवटा हळूहळू उतरतोय. फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरना कामगार म्हणून हक्क आहेत, म्हणजे किमान वेतन आणि पगारी सुट्टी आहे, असं ठरवलं. त्याच वर्षी स्पेनने डिलिव्हरी रायडरना नोकरदार धरणारा कायदा केला, वर अल्गोरिदम कशाच्या आधारावर काम वाटतो ते कामगार प्रतिनिधींना सांगायचं बंधन घातलं. युरोपियन युनियनने २०२४मध्ये केलेल्या निर्देशात तुमच्या पत्राचं थेट उत्तर आहे, खातं बंद करण्याचा निर्णय माणसाने घ्यायचा, यंत्राने परस्पर नाही, आणि कारण लेखी द्यायचं. सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणायला डिसेंबर २०२६ची मुदत आहे. तुमच्याकडे युनियन असेल तर आजच जा, नसेल तर ब्लॉक झालेल्यांचा ग्रुप काढा आणि कुणाचा आयडी कधी, कुठल्या ऑर्डरनंतर गेला याची नोंद ठेवा. अशा नोंदींतून एखादा पॅटर्न दिसला तर तो एकट्याच्या रडण्यापेक्षा जड ठरतो.

प्रश्न : सोशल मीडियावर नियम म्हणजे सरकारला आमची तोंडं बंद करायची सोय. तुम्ही त्याची बाजू घेताय?

नाही घेत, आणि तुमची भीती खोटी नाहीये. जर्मनीने २०१७मध्ये कायदा केला होता, उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढा नाहीतर पाच कोटी युरोपर्यंत दंड. आता तुम्ही कंपनीत तपासायला बसलाय असं समजा, समोर एक पोस्ट आहे, टोमणा आहे की धमकी कळत नाहीये, घड्याळ चालू आहे. ठेवली आणि चुकलं तर दंड, काढली आणि चुकलं तर कुणी विचारणार नाही. काय कराल? काढाल. टीकाकारांनी हीच भीती तेव्हा सांगितली होती.

उलट बाजूला अमेरिका. तिथे १९९६च्या कायद्याचं कलम २३० म्हणतं की लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला प्रकाशक धरायचं नाही. त्यामुळे इंटरनेट वाढलं हे खरं. पण तेव्हा साइट म्हणजे नोटीसबोर्ड होता, आज कुठली पोस्ट कुणाला वर दाखवायची हे तो बोर्डच ठरवतो, तेही तुम्ही किती वेळ चिकटून राहाल त्या हिशोबाने.

मला युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट, जो फेब्रुवारी २०२४पासून पूर्ण लागू झाला, बराच बरा वाटतो तो एवढ्यासाठी की काय बोलायचं याची नवी यादी त्यात नाही. पोस्ट काढली तर कारण द्या, अपील ऐका, अल्पवयीन मुलांना त्यांच्या माहितीवरून हेरून जाहिराती दाखवू नका, फार मोठे असाल तर तुमच्यामुळे समाजाला काय धोके आहेत ते दरवर्षी तपासा आणि संशोधकांना डेटा बघू द्या. डिसेंबर २०२५मध्ये एक्सला, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला, या कायद्याखालचा पहिला दंड झाला, बारा कोटी युरोचा, आणि तो कुठल्याही पोस्टबद्दल नव्हता. कारणं होती पैसे देऊन मिळणाऱ्या निळ्या टिकची दिशाभूल, जाहिरातींची अपुरी नोंद आणि संशोधकांना डेटा न देणं. तेव्हा कुठलाही नवा कायदा आला की आधी एवढंच बघा, खोटं काय आणि खरं काय हे ठरवायचा शिक्का एखाद्या अधिकाऱ्याच्या हातात दिलाय का. दिला असेल तर मी तुमच्या बाजूने.

प्रश्न : मुलगा चौदाचा आहे, रात्री दोन वाजेपर्यंत स्क्रोल. सोळाखाली बंदीच घालावी का?

ऑस्ट्रेलियाने घातलीये, १० डिसेंबर २०२५पासून, आणि बंधन कंपनीवर आहे, आईबापांना किंवा मुलांना दंड नाही, हे मला आवडलं. पण वय तपासायचं म्हणजे सगळ्यांचंच तपासायचं, मग मोठ्यांचीही ओळखपत्रं नाहीतर चेहरे कुणाकडे तरी जाणार. बंदीआधी न संपणारा स्क्रोल आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ याला हात घालावा असं माझं मत. तुमच्यापुरतं सांगायचं तर फोन रात्री दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा.

प्रश्न : इतक्या नियमांनी नवे छोटे उद्योग मरणार नाहीत का?

सरसकट लावले तर मरतील. वकिलांची फौज मोठ्यालाच परवडते. म्हणून पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना युरोपने बऱ्याच बंधनांतून सोडलंय.

प्रश्न : एवढं लिहिता, तुम्ही स्वतः किती ॲप काढून टाकली?

एक. तेही फोन बदलला आणि पासवर्ड आठवेना म्हणून.