उत्तर: दहा आठवडे तेलकट खाद्य देऊनही उंदरांची जीटीटी तशीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं फार्मसी कॉलेज, अर्काचा गुण तपासण्यासाठी आधी तेलकट खाद्यावर लठ्ठ करायचे स्विस अल्बिनो उंदीर, पेलेट (उंदरांचं तयार दाणेदार खाद्य) दळून त्यात २० टक्के घाणीचं जवस तेल, मार्च ते मे असे दहा आठवडे. वजनात जेमतेम दोन ग्रॅमचा फरक, आणि १६ तास उपाशी ठेवून केलेल्या जीटीटीत (ग्लुकोज देऊन रक्तातली साखर ठराविक वेळांनी मोजण्याची चाचणी) साध्या आणि तेलकट खाद्याच्या दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींवर. गाईड म्हणतात, तेल वाढवा.

भाऊ, नुसतं तेल वाढवून काही होणार नाही. अर्काची परीक्षा नंतर, आधी उंदीर लठ्ठ तर व्हायला हवा.

जवस तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-३. इन्सुलिन रोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) आणायला सहसा संपृक्त चरबी घेतात, म्हणून लार्ड (डुकराची चरबी) सर्रास वापरतात. त्यात जवस तेल हवेत झपाट्याने खवट होतं. मे महिन्यात उघड्या भांड्यातलं तसलं खाद्य उंदीर खातात कमी, उकरतात जास्त. पिंजऱ्यात अंथरलेल्या तुसात सांडलेला चुरा वजा न करता ‘खाल्लं’ म्हणून लिहिला की वहीतले आकडे छान दिसतात, उंदीर मात्र वाळतो.

त्याहून मोठा घोळ प्रथिनांचा. साध्या पेलेटमध्ये ग्रॅमला साधारण ३.१ किलोकॅलरी आणि २० टक्के प्रथिनं धरा. ८० ग्रॅम पेलेट अधिक २० ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ४२८ किलोकॅलरी. पेलेटमधली चरबीही धरून चरबीतून येणारी ऊर्जा ४९ टक्के झाली हे खरं, पण प्रथिनांचा वाटा २६ वरून १५ टक्क्यांवर घसरला. जीवनसत्त्वं-खनिजंही त्याच मापात पातळ झाली. मग दिसणारा फरक चरबीचा की कुपोषणाचा, हे सांगताच येत नाही. त्यापेक्षा ६५ ग्रॅम पेलेट, २५ ग्रॅम चरबी, १० ग्रॅम केसिन (दुधातलं प्रथिन) घ्या: चरबी ५३ टक्के, प्रथिनं १९ टक्क्यांच्या आसपास. वर खनिज आणि जीवनसत्त्व मिश्रण. घट्ट लाडू वळा, आठवड्यापुरते बाहेर ठेवून बाकीचे उणे २० अंशाला हवाबंद ठेवा, पिंजऱ्यातला लाडू दर दोन दिवसांनी बदला. लाईन गेली आणि फ्रीजर वितळला तर तो लॉट फेकायचाच.

लार्ड मिळत नाही म्हणून वनस्पती तूप घ्याल, तर एक ध्यानात असू द्या. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. जुन्या भारतीय पेपरांतलं वनस्पती आणि आजचा डबा एकच नव्हे. त्यांच्या आकड्यांशी तुलना करू नका, डब्यावरची संपृक्त चरबी लिहून ठेवा.

स्विस उंदीर आउटब्रेड, म्हणजे प्रत्येकाची जनुकं थोडी वेगळी, म्हणून एक फुगतो तर दुसरा तसाच राहतो. नेहमीचं मॉडेल म्हणजे सी५७बीएल/६जे हा एकसारख्या जनुकांचा स्ट्रेन (वाण). १९८८ मध्ये सरविट आणि सहकाऱ्यांनी याच स्ट्रेनमध्ये आहारातून मधुमेह दाखवला. सहा आठवड्यांचे नर घ्या, माद्या बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणाऱ्या खाद्यावर १० ते १२ आठवड्यांत ते सहसा ४० ग्रॅमच्या पुढे जातात. मात्र स्ट्रेन किंवा संख्या बदलण्याआधी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची) सुधारित मंजुरी घ्या.

आता खोली. उंदराला ३० अंशांच्या आसपास शरीर गरम ठेवायला जादा ऊर्जा लागत नाही, त्याहून वर गेलं की तो खाणंच कमी करतो. बाहेर ४५ अंश आणि आत फक्त कूलर, म्हणजे तापमानही जास्त, दमटपणाही जास्त, वर खाद्याला बुरशी. डिसेंबरच्या रात्री उलट: थंडीत तो खाल्लेलं जाळून टाकतो. एसी आणि इन्व्हर्टर लावून २२ ते २४ अंश टिकवा, किमान-कमाल तापमान रोज लिहा. बहुतेक ग्लुकोमीटर पट्ट्याही ३० अंशांच्या वर ठेवायच्या नसतात, हे सर्रास विसरलं जातं.

जीटीटीला १६ तास उपास नको. यकृतातलं ग्लायकोजेन संपतं, वजन पडतं, फरक पुसला जातो. सकाळी सहा तास पुरे, पाणी चालू, आणि पिंजरा नवा, कारण जुन्या तुसात लाडवाचे तुकडे असतात. २० टक्के ग्लुकोज, उंदराच्या दर ग्रॅम वजनाला १० मायक्रोलीटर पोटात टोचून, म्हणजे २ ग्रॅम प्रति किलो. ०, १५, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना शेपटीचं रक्त घ्या, पहिला थेंब पुसून टाका. लठ्ठ उंदराला वजनाप्रमाणे डोस दिला की त्याच्या स्नायूंच्या मानाने ग्लुकोज जास्त जातं, ही टीका पेपरवर येणारच. साखर मोजमापापलीकडे जाऊन मीटर ‘हाय’ दाखवत असेल तर १ ग्रॅमवर या.

इन्सुलिन रोध सिद्ध करायला आयटीटी (इन्सुलिन टोचून साखर किती उतरते ते पाहण्याची चाचणी) वेगळी करा, ०.७५ युनिट प्रति किलो. साधं रेग्युलर इन्सुलिन हवं, मिश्रण नको. मिलीला ४० युनिटची वायल आधी दहापट पातळ करा, मग त्यातले १८८ मायक्रोलीटर १० मिलीत, आणि यातलंही ग्रॅमला १० मायक्रोलीटर. सलाईनमध्ये ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं आणि डोस कमी पडतो. हे लगेच वापरा. साखर ४० मिग्रॅ/डेलीच्या खाली गेली किंवा झटके आले तर द्यायला ग्लुकोज तयार ठेवा. निकाल सुरुवातीच्या साखरेच्या टक्क्यांत आणि मूळ आकड्यांत, दोन्ही द्या.

यकृतातली चरबी पाहायची असेल तर तुकडा पॅराफिनला (मेणात बसवून कापायला) पाठवू नका. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात, काचेवर नुसत्या रिकाम्या जागा उरतात. गोठवलेल्या कापावर ऑइल रेड ओ (चरबी लाल रंगवणारा रंग) करा.